स्पेलिंगसाठी पोरांची अदलाबदल

माझी आई सुमती बी.ए. होती आणि तिचा हात फार लवकर उठायचा. बी.ए.चं कौतुक बाबांना. पंचायत समितीत कारकून असलेले माझे बाबा, प्रभाकरराव, पाहुण्यांना चहाआधी तेच सांगायचे. हाताचा अनुभव मात्र एकट्या माझ्या पाठीला.

एरवी आई वाईट नव्हती, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर लोक भलतंच समजायचे. नाचणगावच्या आमच्या गल्लीतल्या बायकांचे अर्ज तीच लिहून द्यायची, कुणी आजारी पडलं की तिच्या घरचा स्वयंपाकही करून यायची. फक्त चुकलेलं तिला सहन व्हायचं नाही. भाजी वाकडीतिकडी चिरली तर चालायची, अक्षर चुकलं की संपलं.

शहाण्णव साली मी पाचवीत गेले. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. माझ्यापेक्षा आईलाच त्याचा जास्त आनंद झाला, कारण तिच्या बी.ए.ला इतक्या वर्षांनी काम मिळालं होतं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की ती मला समोर बसवायची. "बी ओ ओ के बुक, बुक म्हणजे पुस्तक," असं मी डुलत डुलत घोकायचे. घोकताना सगळं यायचं. पण आईनं मध्येच "टेबल सांग" म्हटलं की डोकं कोरं. टी, ए, आणि पुढे मी तिच्या उजव्या हाताकडे बघत बसायचे. तो हात हलला की उरलंसुरलंही जायचं. मग धपाटा, मग माझं रडणं, मग आईचं आणखी चिडणं.

"साऱ्या गल्लीचे कागद माह्या हातचे, न् माह्याच पोरीले टेबल येत नाई."

दिवाळीपर्यंत मी आईसमोर तोंड उघडणंच सोडून दिलं. शाळेत धडाधड सांगितलेले शब्दसुद्धा घरी येईनात. ती विचारायची, मी जमिनीकडे बघायचे. तेव्हा मात्र आई घाबरली. पोरगी मुकी झाली की काय, असं तिनं बाबांना विचारलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून अंजूकाकूचं घर होतं. पुढे हिरालालकाकांचं किराणा दुकान, मागे घर. त्यांचा अंकित माझ्याच वर्गात. मधली भिंत अशी, की तिकडे फोडणीत मोहरी तडतडली तरी इकडे ऐकू यायची. त्यामुळे अंकितचं रडणं आम्हाला आणि माझं त्यांना रोजचंच झालं होतं. एकदा नळावर काकूनं विषय काढला.

"वहिनी, आपलं लेकरू आपल्याजवळ शिकत नाई. असं करू, अंकितले तुमच्याकडं बसवा, रुचिकाले माह्याकडं पाठवा."

"तुले जमन?" आईनं विचारलं. काकू बारावी शिकलेली, तेव्हा आईच्या आवाजात बी.ए. आलंच.

"पाचवीचं तं येते मले. न् एक फायदा आहे वहिनी. दुसऱ्याच्या लेकराले मारता येत नाई. समजावूनच सांगा लागते."

अशी आमची अदलाबदल झाली. मी काकूकडे पोत्यांच्या शेजारी बसायचे. ती साबणाच्या वड्या नि बिस्किटांचे पुडे पुढे ठेवून त्यांवरची अक्षरं वाचायला लावायची. चुकलं तर "जाऊ दे, पुढचं सांग" म्हणायची. टेबल मला चार दिवसांत आलं. पण माझं अर्धं लक्ष भिंतीकडे असायचं, कारण पलीकडून आईचा आवाज यायचा. "असं नाई बेटा, नीट पाहून सांग." बेटा! मी जन्मल्यापासून "कार्टे" ऐकत आले होते. हा आवाज या बाईनं इतकी वर्षं कुठल्या डब्यात ठेवला होता, देव जाणे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आणि एवढं होऊनही आईसमोर माझं तोंड उघडत नव्हतं. घरी आल्यावर ती विचारायची, "आज काय शिकली?" शब्द येत असूनही मी दप्तराच्या बंदाशी चाळा करत बसायचे. आईनं आग्रह करणं सोडून दिलं. "काकूले सांगते, मले नाई सांगत," असं एकदा तिनं बाबांना सांगितलं. ती तेव्हा चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

वार्षिक परीक्षा जवळ आली. त्या संध्याकाळी अंकितचं वेन्सडे चुकत होतं. कालही चुकलं होतं, परवाही. भिंतीपलीकडून आई सांगत होती, तो पुन्हा चुकत होता. मग एक ओळखीचा आवाज आला. माझ्या पाठीला तो आवाज चांगला ठाऊक होता. काकूनं माझ्याकडे पाहिलं, मी काकूकडे. अंकित रडला नाही, पण पलीकडचं सगळं थांबलं.

थोड्या वेळानं आई दारात आली. एका हाताला अंकित, डोळ्यांत पाणी.

"अंजू, तुझा पोरगा तू घे. माह्याच्यानं नाई होत आता. हात उठला माहा, दुसऱ्याच्या लेकरावर."

मला वाटलं, आता दोन्ही घरं कडाडून भांडतील. काकूनं अंकितची पाठ चाचपली, त्याला आत पाठवलं आणि आईला पाट दिला.

"बसा वहिनी. परका राह्यला असता तं हात उठला नसता. चार महिने झाले, रोज जेवून येते तो तुमच्याकडं."

आई पदरानं डोळे पुसत होती. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, "मले रोज मारत होती तवा तं तू कधी रडली नाई."

काकू उगाच साबणाच्या वड्या आवरायला लागली. आई माझ्याकडे बघत राहिली, मग उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दप्तर घेऊन काकूकडे निघाले, तर आई म्हणाली, "आज इथंच बस. अंकितलेही बोलावलं आहे."

तिनं परात पुढ्यात ओढली, पिठात पाणी घातलं आणि मळायला घेतलं. आधी अंकितला वेन्सडे विचारलं. त्यानं पाठ थोडी दूर ठेवून, पण बरोबर सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "रुचिका, सॅटर्डे."

मी सवयीनं तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मनगटापर्यंत कणकेत होता. एस, ए, टी, म्हटलं आणि अडले. हात वर आला. बोटांना कणीक चिकटलेली. आईनं त्या हाताकडे पाहिलं, तो परातीत घातला आणि दात आवळून मळायला लागली.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा चुकले. ती मळत राहिली. तिसऱ्यांदाही चुकले, तेव्हा तिनं कणीक उचलून परातीत आपटली आणि बुक्क्यांनी तिंबायला घेतली. अंकित जागेवरून सरकला. मी नाही सरकले. मी तिच्या तोंडाकडे बघून एसपासून वायपर्यंत सगळं सांगितलं.

आई मळून झालेलीच कणीक मळत बसली.

त्या रात्री पोळ्या इतक्या मऊ झाल्या, की बाबांनी न राहवून कारण विचारलं.

"पोरगी चुकत होती," आई म्हणाली.