भिंतीवरची मण्यार

उत्क्रांती शिकवताना मला सगळ्यात जास्त चीड येते ती ‘ठरवलं’ या शब्दाची. ‘सर, नाकतोड्यानं हिरवं व्हायचं ठरवलं.’ अरे, कसं ठरवेल तो? मीटिंग घेतली होती का त्याने? मुरबाड तालुक्यात टोकावड्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी एका शाळेत मी विज्ञान शिकवत होतो, कंत्राटावर. पोरं पुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवायची आणि डोक्यात शिरलेलं शून्य. शेवटी एका शनिवारी वैतागून रंगाचे चार डबे आणले आणि व्हरांड्याची अख्खी भिंत रंगवायला काढली.

पहिल्या ओळीत दहा नाकतोडे, पाच हिरवे, पाच तपकिरी. मागे हिरवं गवत. बाजूला बगळा. ‘याला आधी कोण दिसेल?’ पोरं ओरडली, ‘तपकिरी!’ रंग ओला होता तोवर मी फडक्याने चार तपकिरी पुसून टाकले. जे उरले त्यांची पिल्लं दुसऱ्या ओळीत काढली. पुन्हा बगळा, पुन्हा फडकं. चौथ्या ओळीला येईपर्यंत तपकिरी एखादाच राहिला होता. तेवढ्यात मागून एक पोरगी बोलली, “म्हणजे सर, कोनीच बदलला नाय. दिसले ते गेले, नाय दिसले त्यांची पोरं राहिली.”

मी फडकं खाली ठेवलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला पगाराच्या दिवशी होतो त्याहून जास्त आनंद झाला. ती आठवीत होती. त्यांच्या घरात आठवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. सोमवारी तिनेच विचारलं, “सर, कवड्या मण्यारीसारखा का दिसतो?”

आमच्या भागात हा प्रश्न कोणालाही पडावा. मण्यार चावली तर माणूस जातो. कवड्याला विष नसतं, पण अंगावर पांढरे पट्टे तसेच, आणि तो घरातसुद्धा फिरतो. मग मी दुसरी भिंत घेतली. पहिल्या ओळीत साधे तपकिरी साप, त्यातल्या एकाच्या पाठीवर फिकट ठिपके. मण्यारीला घाबरणारा प्राणी ठिपकेवाल्यापासून जरा लांबूनच जातो. तो वाचतो, त्याची पिल्लं होतात, त्यातली काही आणखी पट्टेदार. ओळीमागून ओळ काढत गेलो. “कोणी काही ठरवलं नाही,” मी दहादा बजावलं. “आणि एका सापाची दोन पिल्लंही सारखी नसतात, हे आधी डोक्यात घ्या. सगळी एकसारखी असती तर निवड कशातून होणार?”

मग मला उत्साह चढला. सगळ्यात खाली मी दोन मोठे साप शेजारी शेजारी काढले. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जाणारे. मण्यारीचे मानेपासून बरेच मागे सुरू होणारे, जोडीजोडीने. एकाखाली ‘बिनविषारी’, दुसरीखाली ‘विषारी’. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. तिने तर रंगीत पेन्सिलीने.

जुलैतली गोष्ट. आवणी, म्हणजे भाताची लावणी, जोरात चालू होती. त्यामुळे वर्गात निम्मी पोरंसुद्धा नव्हती. साडेदहाला शाळा भरत होती आणि ती खताची रिकामी पिशवी घेऊन धावत आली. चेहरा नुसता फुललेला. “सर, कवड्या आनलाय! पहाटे आयेला चावला. अंथरूण गुंडाळत होती तिथं.”

“चावला? आई कुठाय?”

“शेतावर. बाबा दवाखान्यात नेत होते. मी बोलले, कवड्या हाय, पट्टे मानेपासून हायेत, काय होत नाय. वही पन दाखवली. मग ती आवणीला गेली.”

मी पिशवी व्हरांड्यात उलटी केली. हातभर लांबीचा साप, डोकं ठेचलेलं. पट्टे मानेपासून होते, ते खरं. पण अंग काळं चकचकीत होतं, कवड्यासारखं मातकट नव्हतं. मला एकदम फार पूर्वी शाळेत आलेल्या एका सर्पमित्राचं बोलणं आठवलं. पट्ट्यांवर जाऊ नका, पाठीच्या मधल्या रांगेतले खवले बघा, मण्यारीचे ते मोठे आणि षटकोनी असतात. आणि तिच्या पिल्लांचे पट्टे कधी कधी पार मानेपर्यंत असतात. मी पाठीवरून बोट फिरवलं. मधली रांग मोठी होती. बाजूच्या खवल्यांपेक्षा सरळ सरळ मोठी.

हे मला माहीत होतं हो! चित्र काढताना खवल्यांची आठवणसुद्धा झाली होती. इतके बारीक खवले काढत कोण बसणार, म्हणून कंटाळा केला. दोन पिल्लं सारखी नसतात म्हणून घसा फोडत होतो आणि मण्यार मात्र एकच काढली, जशी काही जगातली प्रत्येक मण्यार माझ्या भिंतीवर बघून जन्माला येते.

“सर, कवड्याच ना?” तिने विचारलं.

“गाडीवर बस,” मी म्हणालो.

पाऊस झिमझिमत होता. बांधापर्यंत मोटरसायकल नेली आणि पुढे चिखलातून दोघंही पळत सुटलो. तिची आई गुडघाभर पाण्यात वाकलेली होती. त्या दिवशी चार घरांची माणसं तिच्याच शेतावर आली होती. तिने मान वर केली तेव्हा पापण्या अर्ध्यावर होत्या.

“झोप पुरी नाय झाली,” ती हसून म्हणाली. “पोटात पन दुखते जरासं.”

“ताई, बाहेर या. दवाखान्यात जायचंय.”

“आता? मानसं माझ्यासाठी आलीत, सर. एवढं खाचर होऊ द्या.”

मी तिच्यावर ओरडलो. बाईमाणसावर, तिच्याच शेतात, सगळ्यांसमोर. “खाचर गेलं खड्ड्यात! बाहेर या आधी!” तिचा नवरा औत सोडून आला. माझ्या तोंडाकडे बघून त्याने सरळ तिला उचललं. रस्त्यावर खत उतरवायला आलेला टेम्पो उभा होता. त्यातच चढलो, तो, मी, पोरगी आणि मध्ये ती.

टोकावडं मागे पडेपर्यंत ती बोलत होती. पुढे शब्द जड व्हायला लागले. थुंकी गिळता येईना, ती ओठांच्या कडेने यायला लागली. नवरा तिचे गाल थोपटत राहिला, “गो, डोळे उघड, गो.” ती भुवया वर ओढायची, पण पापण्या काही उठायच्या नाहीत. पोरगी माझी बाही धरून एकच विचारत होती, “सर, कवड्याच ना? सर?” मी बाहेर बघत राहिलो. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मुरबाड एवढं लांब मला कधीच वाटलं नव्हतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पापण्या वर करून पाहिल्या, सापाकडे एक नजर टाकली आणि इंजेक्शनं आणायला सांगितली. मग विचारलं, “कधी चावला?”

“पहाटे,” नवरा म्हणाला.

“पहाटे? आणि आता साडेअकरा! इतका वेळ काय करत होता तुम्ही? कोणी सांगितलं घरी बसा म्हणून?”

पोरीने माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग खाली बघून म्हणाली, “मला वाटलं कवड्या हाय. मीच बोलले, जा कामाला.”

बापाने तिच्या कानाखाली वाजवली. इतक्या जोरात की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. आणि मी? मी खताची पिशवी हातात धरून उभा होतो. तोंड उघडलं नाही. बाई मेली तर, हा एकच विचार. बाई मेली तर माझं नाव, माझी भिंत, माझी नोकरी. तिथे एक शब्द पुरे होता आणि तो मी गिळला.

श्वास बंद पडायला आला तेव्हा आईच्या घशात नळी घातली आणि तिला ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. त्यानंतरचे दिवस मी शाळेत जात होतो, हजेरी घेत होतो आणि पोरीच्या नावापाशी आलं की थांबत होतो. ती येत नव्हती. गावात एकच बोलणं चाललं होतं, पोर शाळेत जाऊन शहाणी झाली आणि आईच्या जिवावर उठली. बापाने सांगून टाकलं होतं, शाळा बंद. मी ते सगळं ऐकत होतो आणि मान हलवून पुढे जात होतो. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, तरी बोललो नाही.

सहाव्या दिवशी नळी निघाल्याचं कळलं. रविवारी मी ठाण्याला गेलो. ती उशीला टेकून बसली होती, नवरा वाटीने पेज भरवत होता. मला पाहून तो उठला, स्टूल पुढे केलं. “सर, तुमी होता म्हनून वाचली.”

ते ऐकल्यावर मला बसता येईना.

“दादा, तसं नाही,” मी म्हणालो. “पोरीची काही चूक नाही. शाळेच्या भिंतीवर मी काढलं होतं, पट्टे मानेपासून असले की कवड्या. तिने मी शिकवलं तेच केलं. चित्र माझं चुकलं.”

त्याने हातातली वाटी खाली ठेवली. म्हणाला, “मग तेव्हा का नाय बोल्लात? मी हात उचलला तेव्हा? तुमी तिथंच होता ना, सर.”

“घाबरलो,” मी म्हणालो.

तो आणखी काही बोलणार होता. बायकोने हात वर करून त्याला थांब अशी खूण केली. तिचा आवाज अजून घोगराच होता, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

“मला ठाव हाय. पोर परवा आलेली, सगळं बोल्ली मला. बोल्ली, आये, सर लय घाबरलेले. त्यांना काय बोलू नको.”

मग तिने दम घेतला, पाण्याचा घोट घेतला. “सोमवारी धाडते तिला. तुमी पन तिला त्या दिवसाचं काय विचारू नका.”