ल्युथरन चर्चातला नारळ

एक वेळ माणूस देवाला विसरेल, पण माझ्या बायकोच्या मावशी ज्या मुलखात मुक्कामाला असतील तिथल्या देवाला दुपारची डुलकी म्हणून मिळायची नाही. तो देव कुणाचा, कुठल्या पंथाचा, त्याला मराठी कळतं की नाही, असल्या तपशिलात त्या शिरत नाहीत. सारा जन्म त्यांनी इस्लामपूरच्या पोस्टात काढला. "पत्ता थोडा चुकला तरी टपाल पोचतंय जावईबापू, पण आधी पेटीत टाकाय तर पायजे," हे त्यांचं एकूण अध्यात्म. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत त्या आमच्याकडे आयर्लंडला, ट्रलीला, दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या. मार्चमध्ये विमानं बंद झाली, आणि त्याच सुमाराला ही गरोदर असल्याचं कळलं. हिची आई ही लहान असतानाच गेली, वाढवलं ते मावशींनीच. त्यामुळे अख्खं जग विमानकंपन्यांना शिव्या घालत असताना आमच्या घरात एक बाई रोज सकाळी त्यांचे आभार मानत होती.

पुढे हिचं ब्लडप्रेशर वाढायला लागलं. डॉक्टर म्हणाल्या, काळजीचं नाही, पण लक्ष ठेवू. शिवाय कोविडमुळे देशभर नियम असा, की बाळंतीण आत एकटी. नवऱ्याला अगदी शेवटी घेणार, आणि मावशी नावाच्या नात्याची तर नियमात नोंदसुद्धा नव्हती. "म्हणजे पोरगी आत एकटी?" मावशींनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. मग जुलैत प्रवासबंदी उठली त्या रविवारी सकाळी आंघोळ करून, नऊवारी नेसून, वर माझं रेनकोट-जाकीट चढवून दारात उभ्या राहिल्या. "गाडी काढा," म्हणाल्या, "हितले देव बघून येऊ."

सुरुवात जवळच्या कॅथलिक चर्चपासून झाली. मावशींनी चपला पावसात बाहेर काढल्या, आत घंटा शोधली, सापडली नाही म्हणून टाळी वाजवली, आणि कडेवर बाळ घेतलेल्या मेरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "ही लेकुरवाळी हाय. हिला बाळंतपणातलं कळतंय," असा निर्वाळा देऊन त्यांनी कळांचं खातं तिच्याकडे सोपवलं. प्रदक्षिणेला मात्र जागा नव्हती, म्हणून ती बाहेरून, इमारतीभोवती, मोज्यांवर, चिखलातून झाली. कबरस्तानात फुलं ठेवायला आलेले एक आजोबा हे सारं शांतपणे बघत होते. मी ओशाळून काही सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "ती बरोबर दिशेनं जातेय. माझी आई पवित्र विहिरीला अशाच फेऱ्या घालायची, पण अनवाणी." मावशींना याचं भाषांतर सांगितलं, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे मोजेही काढले. मी मध्ये पडायला नको होतं.

गावाबाहेर एक जुनं दगडी चर्च आहे, ते रोमानियन ऑर्थोडॉक्स मंडळी महिन्यातून एका रविवारी वापरतात. तिथे पाऊल टाकताच मावशींचा चेहरा खुलला. भिंतीभर सोनेरी तसबिरी, वाळूत खोचलेल्या मेणबत्त्या, धूप, दाढीवाले पुजारी, आणि संपता संपेना अशी आरती. "हे आपल्यातलेच हायत," त्या माझ्या कानात म्हणाल्या. मास्क लावून, अंतर राखून त्या शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. मी मध्येच टेकलो तर माझ्याकडे बघून घेतलं. बायकांनी डोकी झाकलेली पाहून त्यांनी आपसूक पदर घेतला होता. पुजाऱ्यांनी शेवटी पावाचा तुकडा दिला, तो त्यांनी उजव्या तळव्यावर, खाली डावा हात धरून घेतला, डोळ्यांना लावला, खाल्ला आणि हात डोक्यावरून फिरवला. पुजारी इतके प्रसन्न झाले की त्यांनी आणखी एक तुकडा 'घरच्या मुलीसाठी' दिला. मग बाहेर एका रोमानियन आजीशी मावशींच्या गप्पा रंगल्या. एक बोलत होती रोमानियन, दुसरी इस्लामपूर-वाळव्याकडची मराठी, आणि विषय होता गुडघे. ब्लडप्रेशरचं काम अर्थातच इथे लागलं. "धूप हाय, शांत वाटतंय, प्रेशर उतरणार," असा त्यामागचा वैद्यकीय विचार होता.

अडचण आली ती तिसरीकडे. शेकडो वर्षांपूर्वी जर्मनीहून येऊन इथे शेती केलेल्या लोकांचं एक छोटंसं ल्युथरन चर्च डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्याची किल्ली शेजारच्या शेतावरच्या एका बाईंकडे असते. सप्टेंबर संपत आला होता, बाईंनी आनंदाने दार उघडून दिलं, आणि आत मावशी थबकल्या. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, एक टेबल, त्यावर साधा क्रूस. तसबीर नाही, मूर्ती नाही, धूपही नाही. "देव कुठाय ह्यांचा?" मावशींनी विचारलं. मी किल्लीवाल्या बाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "आमच्याकडे मध्ये कुणी लागत नाही. आपण थेट बोलायचं." मावशींनी हे बराच वेळ डोक्यात घोळवलं. "थेट म्हणताय? मग मोठं काम हितंच सांगाय पायजे." पिशवीतून त्यांनी खण काढला, त्यावर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ ठेवला, आणि ल्युथरन टेबलाची यथासांग ओटी भरली. नमस्कार करताना नेहमी मोठ्याने बोलणाऱ्या मावशी इथे काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. किल्लीवाल्या बाई मात्र "ग्रँड, ग्रँड" करत नारळाकडे कौतुकाने पाहत होत्या.

त्यांचा काय समज झाला ते पुढच्या रविवारी त्यांनी फोनवर फोटो पाठवला तेव्हा कळलं. त्या दिवशी त्यांच्याकडे सुगीचा उत्सव होता. ज्याच्या शेतात जे पिकेल ते देवापुढे आणून ठेवायचं. टेबलावर सलगम, सफरचंदं, भोपळे, गव्हाची पेंढी, आणि सर्वांच्या मधोमध, मानाच्या जागी, आमचा नारळ. खाली लिहिलं होतं, की तुमच्या मावशींच्या शेतातला हा नारळ सर्वांना फार आवडला. मावशींनी फोटो चष्मा लावून पाहिला. "मांडणी चांगली केलीय," त्या म्हणाल्या. "खण तेवढा उलटा घातलाय." इस्लामपूरला आमची ना शेती ना नारळ, आणि हा ट्रलीतल्या दुकानातून आणला होता, हे बाईंना कळवावं असं मी म्हटलं, तर मावशींनी त्यात मोडता घातला. देवापुढे ठेवलेल्या गोष्टीवर मागून खुलासे करायचे नसतात म्हणे.

ऑक्टोबरात हिला दुपारी दाखल करून घेतलं. मी आणि मावशी हॉस्पिटलच्या आवारात गाडीत बसलो, काचेवर पाऊस, मांडीवर फोन. मला वाटलं होतं, आता स्तोत्रांचा मारा सुरू होईल. पण मावशी गप्प होत्या. इतक्या गप्प, की मला त्यांचीच काळजी वाटू लागली. मी उगाच थट्टेने म्हणालो, "मावशी, तीन-तीन ठिकाणी सांगितलंय. एकाला सांगून भागलं नसतं का?"

"अक्काच्या दुसऱ्या बाळंतपणात मी एकालाच सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरच्या देवाला. बाहेर बाकड्यावर बसून. ती बी एकटीच हुती आत. ना ती आली, ना बाळ."

अक्का म्हणजे हिची आई. त्या कशाने गेल्या, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला, तर तो थंडगार होता. तेवढ्यात फोन वाजला, मला आत बोलावलं होतं. मावशी एवढंच म्हणाल्या, "तिला सांगा, मी हितंच हाय."

मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्यानंतर मावशी एकाही चर्चकडे फिरकल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "काम झालं. आता उगं रांगेत कशाला उभं ऱ्हायचं? दुसऱ्यांची कामं असत्यात." एकवीसच्या सुरुवातीला विमान मिळालं तशा त्या इस्लामपूरला परतल्या, आणि एप्रिलअखेर त्यांना कोविडने गाठलं. बेड मिळेपर्यंत दिवस मावळला, ऑक्सिजन लावला, आणि ही इथे लेकीला मांडीवर घेऊन नुसती फोनकडे बघत बसली. मी शिकलासवरलेला माणूस. मी गाडी काढली आणि त्या रविवारी मेरीपुढे उभा राहिलो, नेमका त्यांचाच रविवार म्हणून भेटलेल्या रोमानियन पुजाऱ्यांकडून मेणबत्ती घेऊन वाळूत खोचली, आणि शेवटी किल्लीवाल्या बाईंचं दार ठोठावलं. रिकाम्या चर्चात त्या कोऱ्या टेबलापुढे हात जोडले. मी फक्त मावशींचं नाव सांगितलं.

त्या वाचल्या. आवाज परत यायला बरेच दिवस लागले. पहिल्या फोनवर दोन शब्दांमागे एक दम लागत होता.

"कुणाकुणाला सांगितलंसा?"

"तिघांनाही सांगितलं, मावशी."

दम घेत त्या म्हणाल्या, "त्या मोकळ्या देवळातल्याला एकदा भेटून या. माझं काम म्हणून न्हवं. त्याच्याकडं कुणी फारसं जात न्हाई."