ओल्या खिशाचे मास्तर

मास्तरांच्या कोटाचा उजवा खिसा बाराही महिने ओला असे. ऐन वैशाखातसुद्धा त्यावर पाण्याचा काळसर डाग दिसायचा, आणि कोट त्या बाजूने जरा खाली ओढलेला असायचा. खिशात एक चपटी पितळी डबी, आणि डबीत भिजवलेलं मलमलीचं फडकं. डबीचं झाकण कधीच नीट बसलं नाही. भोरच्या शाळेतल्या मुलांनी त्यांना ‘ओले मास्तर’ असं नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. मुख्याध्यापक एकदा चिडून म्हणाले, “मास्तर, साहेब तपासणीला आल्यावर तरी हा खिसा वाळवा.” मास्तर म्हणाले, “कोरडे मास्तर पुष्कळ आहेत शाळेत. एखादा ओला असू द्या.”

फडकं भिंतींसाठी होतं. जुन्या देवळाची किंवा धर्मशाळेची भिंत दिसली की मास्तर थांबत, फडकं पिळून हलकेच तिच्यावर टेकवत आणि वाट बघत. बहुतेक वेळा काही होत नसे. पण कधी कधी, धुरानं आणि धुळीनं पांढुरक्या झालेल्या चुन्यातून एखादा हिरवा पदर किंवा घोड्याचा पाय वर येई, आणि ओल वाळेपर्यंत तेवढा दिसत राही. मास्तर तेवढ्या वेळात तो कागदावर उतरवून घेत. घासायचं नाही, पुसायचं नाही, फक्त टिपायचं, असा त्यांचा नेम होता. “भिंतीला पाणी दाखवायचं,” ते म्हणत. “पाजायचं न्हाई.”

एरवी ते आमच्यासारखंच बोलत. मन हललं की मात्र त्यांच्या तोंडी भोंगवलीची भाषा येई. तिथल्या शेतकऱ्याघरचा हा मुलगा मुंबईच्या कलाशाळेत दोन वर्षं शिकला, वडील गेल्यावर शिक्षण अर्धं टाकून परत आला आणि भोरला चित्रकला शिकवू लागला. वर्गात ते मुलांसमोर गाडगं ठेवत आणि अर्धा तास कुणाला पेन्सिल उचलू देत नसत. “आधी बघा. हात मागनं येतो.” एका पोराने न बघताच झकास गोल गाडगं काढलं. मास्तर म्हणाले, “हे कुठलं रे? ह्याला तर टवका न्हाई. समोरच्याचा टवका कुठं गेला?” पोरगा म्हणाला, “मास्तर, मी नवं आणलं.” मास्तर इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. गुण मात्र दिले नाहीत.

मी त्या वेळी गावच्या वाचनालयाचा चिटणीस होतो. पुण्याची टपाल मोटार आली की मास्तर चप्पल बाहेर काढून येत आणि म्हणत, “नाना, आज काय भांडण?” मुंबईच्या चित्रप्रदर्शनांच्या हकिगती तेव्हा वर्तमानपत्रांत येत. कुणी म्हणे, विलायती तैलचित्रांची नक्कल पुरे, आपल्या जुन्या चित्रांकडे वळा. कुणी म्हणे, जुनं ते जुनं, त्यात शरीराचं ज्ञान नाही. मी वाचून दाखवायचो. मास्तर डोळे मिटून ऐकायचे. एकदा वाचन संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, “तिकडं भांडतायत, आपलं कुठलं आणि त्यांचं कुठलं. आणि हितं आपलं भिंतीवर बसून खपल्या टाकतंय. कुणीतरी येऊन बघायला पाहिजे हो, नाना.”

कुणीतरी येऊन बघावी असं त्यांना वाटे, ती भिंत पासलीला होती. वेल्ह्याच्या डोंगरातलं हे भातशेतीचं गाव. भोरहून पहाटे निघालं तर वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचता येई. गावाच्या वरच्या अंगाला भैरोबाचं लहानसं देऊळ होतं, आणि त्याच्या मंडपाच्या डाव्या भिंतीवर कुणा एका जुन्या, नाव नसलेल्या चिताऱ्याने चित्रं काढली होती. पालखी, हत्ती, पोपट घेतलेली बाई, हे सगळं होतंच. पण खालच्या कोपऱ्यात, देवांच्या मिरवणुकीकडे पाठ करून, घोंगडी पांघरलेला एक धनगर उभा होता, आणि त्याच्याशेजारी त्याची म्हैस. म्हैस मिरवणुकीकडे बघत नव्हती, धन्याकडेही बघत नव्हती. ती बघणाऱ्याकडे बघत होती. मास्तरांचा जीव त्या म्हशीवर होता. “हत्ती काय, कुणीबी काढतो,” ते म्हणत. “म्हैस काढायला मानूस लागतो.”

सात-आठ वर्षं दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पासलीला जात होते. गुरवाची बायको सोनाबाई त्यांना भाकरी देई, आणि गावातल्या बायका ह्या माणसाचा खेळ बघायला जमत. त्याने फडकं टेकवलं की भिंतीतून रंग येतो, ह्याचं त्यांना भारी नवल होतं. “मास्तर, आमाला पोपट दावा,” म्हणून त्या हट्ट धरत, आणि मास्तर दाखवत. वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, “लोकांची माणसं दमली की भिंतीला पाठ लावून बसतात. आमचं माणूस भिंतीला तोंड लावून बसतं.”

पासलीच्या भिंतीवरून त्यांनी कागदावर उतरवलेल्या नकला मी पाहिल्या आहेत. जिथे गिलावा पडला होता तिथे मास्तरांनी कागद कोरा सोडला होता. धनगराचा एक पाय भिंतीवर नव्हता, म्हणून कागदावरही नव्हता. मी म्हटलं, “एक पाय काय, अंदाजाने काढता येईल.” ते म्हणाले, “येईल की. पण मग तो माझा पाय होईल. त्या चिताऱ्याच्या माणसाला माझा पाय कशाला?”

मुंबईत जुन्या चित्रांचे एक जाणकार होते. त्यांना मास्तरांच्या वतीने इंग्रजीत पत्रं लिहायचं काम माझं. तीन वर्षांत आम्ही अकरा पत्रं पाठवली. दोनांची पोच आली. बाराव्याला उत्तर आलं की गृहस्थ चैत्रात पुण्याला येणार आहेत, तेव्हा पासलीला येऊन भिंत बघतील आणि योग्य वाटल्यास तिच्यावर सचित्र लेख लिहून तिच्या रक्षणासाठी खटपट करतील. मास्तरांनी ते पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. त्या दिवशी ते खुर्चीत बसलेच नाहीत.

पासलीला निरोप धाडायचा होता. मास्तरांना स्वतःचं अक्षर आवडत नसे, म्हणून त्यांची मराठी पत्रंही मीच लिहायचो; त्यांनी सांगितलं, मी लिहायला घेतलं. त्यांचे शब्द असे होते: “पाहुणे येत आहेत. भिंतीस कोणी हात लावू नये.” एवढं सांगून ते शाळेच्या घंटेला धावले. मी कागद पुढे घेऊन बसलो. दुसरं वाक्य मला उद्धट वाटलं. देऊळ त्या लोकांचं, भिंत त्यांची. त्यांनाच हात लावू नका म्हणून कसं लिहायचं? पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी फार सुचतात. मी लिहिलं: “पाहुणे मोठे आहेत. देऊळ स्वच्छ असावे, ही विनंती.” अक्षर छान आलं होतं. वेल्ह्याला जाणाऱ्या माणसाबरोबर मी ते पाठवून दिलं.

पाहुणे मोटारीने भोरला आले, पुढे बैलगाडी आणि मग पायवाट. स्वभावाने बरे होते. चढावर दम लागला तरी हसत होते. मास्तर त्यांच्या पुढे जवळजवळ पळत होते आणि मधेच थांबून म्हणत होते, “म्हैस मी आधी दाखवणार नाही. तुम्ही शोधायची.”

देवळाच्या दारात सोनाबाई उभ्या होत्या, मागे आणखी चार बायका. सगळ्यांचे पदर खोचलेले, हात कोपरापर्यंत लाल. अंगणात घागरी उपड्या घातल्या होत्या आणि काथ्याचे बोळे वाळत टाकले होते.

“आलं का मास्तर!” सोनाबाई म्हणाल्या. “या, बगा. तुमी आपलं बोटभर पानी लावता. आमी समदी भित धुतली. खालच्या झऱ्यावरनं पानी आनलं, चैताचं. दोन दिस लागलं.”

आम्ही आत गेलो. भिंत ओलीच होती. ती तांदळाच्या धुवणासारखी दिसत होती. वर, जिथे हात पोचले नव्हते, तिथे पालखीचा एक दांडा राहिला होता. खाली फरशीच्या फटींत लालसर, हिरवट पाणी साचलं होतं.

पाहुण्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळू आवाजात मास्तरांना विचारलं, “ही दुसरी भिंत आहे का?”

काहीतरी चुकलं आहे, हे सोनाबाईंना आता जाणवलं होतं. त्या एकदा भिंतीकडे, एकदा मास्तरांकडे बघत म्हणाल्या, “रंग जरा कमी दिसतुया, व्हय? वाळल्याव यील न्हवं? आन तुमीच कळवलं हुतं की, देऊळ स्वच्छ ठेवा म्हून. पाटलाच्या पुतन्यानं वाचून दावलं.”

मी त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मास्तर माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“व्हय,” ते म्हणाले. “म्याच कळवलं. लई कष्ट केलंत, बाई. वाळू द्या. यील.”

नंतर आम्ही बाहेर बसलो. बायकांनी पाहुण्यांसाठी नाचणीची भाकरी आणि दही आणलं आणि पाहुण्यांनी ते आदराने खाल्लं. नकला त्यांनी एक-एक करून, फार वेळ घेऊन बघितल्या. म्हशीपाशी थांबले. “काम उत्तम आहे,” ते म्हणाले. “पण मूळ दाखवता येत नसेल तर नक्कल कशाची म्हणून सांगू? लोक म्हणतील, मास्तरांनीच रचलं. निदान ह्या मोकळ्या जागा भरा, तुमचंच चित्र म्हणून तरी मांडता येईल.” मास्तरांनी मान हलवून नको म्हटलं आणि कागद गोळा केले.

पासलीचे पाटील पावसाळ्यापूर्वी भोरला आले. गावाला तोवर कळून चुकलं होतं. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, “मास्तर, चूक झाली. बाया जेवंनात. तुमाला समदं पाठ हाय, तुमीच काढा पुन्हा. रंगाचा खर्च गाव बगंल.” वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनाही वाटत होतं की ह्यांनी हो म्हणावं. मलाही वाटत होतं. माझी त्यातून सुटका झाली असती.

मास्तर म्हणाले, “म्या काढलं तर ते माजं हुईल, पाटील. त्याचं न्हाई. आन बायांना म्हनावं, जेवा. त्यांनी देवाचं घर धुतलं, दुसरं काय केलं?”

माझ्याशी ते त्या पत्राबद्दल कधी बोलले नाहीत. मी बोलायचा प्रयत्न केला. तीनदा, चारदा. “मास्तर, त्या दिवशी मी…” एवढं म्हणेपर्यंत ते म्हणत, “नाना, वर्तमानपत्रात काय आलंय ते वाचा.” मुंबईतलं भांडण चालूच होतं. मी वाचायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. पुढेही त्यांची पत्रं मीच लिहीत राहिलो. शाळाखात्याला, त्यांच्या भावाला. लिहून झालं की मी विचारायचो, “वाचून दाखवू?” ते म्हणायचे, “कशाला? तुम्ही लिहिलंय ना.” ह्या वाक्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी ते पुष्कळ उलटसुलट करून पाहिलं आहे. त्यात टोमणा नव्हता.

पासलीला जाणं त्यांनी सोडलं नाही. दर सुट्टीत डबी भिजवून निघायचे. तिथे काय करता, असं मी विचारलं नाही, कारण विचारायचा हक्क मला नव्हता. दुसरी मोठी लढाई चालू असताना, एका श्रावणात, त्यांना ताप भरला आणि तो उतरला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी वहिनींना खिसा भिजवून ठेवायला सांगितलं. कोट खुंटीवर होता. वहिनींनी उठून डबीतल्या फडक्यावर पाणी घातलं.

तेराव्यानंतर वहिनींनी ती डबी माझ्या हातात ठेवली. नकला वाचनालयाच्या कपाटात आहेत. आता भोरचं संस्थानही राहिलं नाही. कपाटाच्या यादीत त्यांची नोंद मी केली आहे, पण त्या मागायला अजून कुणी आलेलं नाही.

मास्तर गेले त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर, मी पासलीला गेलो. सोनाबाई थकल्या होत्या. मास्तर गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्या भिंतीपाशी बसल्या आणि मलाही बसायला सांगितलं.

“दर खेपंला यायचं,” त्या म्हणाल्या. “हितं, खालच्या कोपऱ्यात फडकं लावायचं आन बसायचं. म्या इचारायची, मास्तर, दिसतंय का काय? म्हनायचं, आज जरा दिसतंय. खोटं बोलत्यात त्ये मला काय कळत न्हवतं? पर म्या बी त्यांना कदी म्हनलं न्हाई.”

मी म्हणालो, “बाई, ते पत्र मास्तरांनी सांगितलं तसं नव्हतं. भिंतीला हात लावू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. मी ते गाळलं. स्वच्छतेचं माझ्या मनाने घातलं.”

त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील, आणि जे बोलतील ते मी घेईन. त्यासाठीच तर आलो होतो. पण त्या उठल्या, आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या.

“लावा,” त्या म्हणाल्या.

मी डबी उघडली. फडकं भिजवून पिळलं आणि खालच्या कोपऱ्यात टेकवलं. टिपलं, पुसलं नाही. भिंतीवर तळहाताएवढा ओला ठसा उठला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. तो कडेने वाळत आला, लहान झाला, नाहीसा झाला.

“दिसलं?” सोनाबाईंनी विचारलं.

मी फडकं पुन्हा भिजवलं.