ठमाकाकीचे शंभर मार्क

ठमाकाकीला घाबरवायचा खटाटोप मी वीस वर्षं केला. बांधावर दोरीचा साप टाकून झाला, घोंगडी पांघरून चिंचेखाली उभं राहून झालं. बाई ढिम्म. उलट सापाची दोरी गुंडाळून घरी घेऊन गेली आणि तिच्यावर वर्षभर लुगडी वाळत घातली. जे मला वीस वर्षांत जमलं नाही ते एका कागदानं वर्षभरात करून दाखवलं. आणि तो कागद भरला जात होता तेव्हा काकीच्या शेजारी बसून फिदीफिदी हसणारी बाई मीच.

कासू स्टेशनावर उतरून खाडीच्या अंगानं चालत गेलं की आमचं गाव लागतं. ठमाकाकी माझी शेजारीण, नात्यानं चुलतसासू. तिचा नवरा महिपती तरणाच गेला. तीस वर्षं तिनं मिठागरात पाटी वाहिली. मिठागराचे बांध वीत-दोन वीत रुंद, वर निसरडा चिखल, डोक्यावर ओल्या मिठाची पाटी, आणि पाय भराभर टाकायचे, कारण मागून दुसरी पाटी येतच असते. मुलगा धनेश पोटात असताना ती एकदा पाटीसकट आडवी झाली होती. ती गोष्ट ती बारशालासुद्धा सांगायची. म्हणायची, पडलं तर पडलं, खाली चिखलच हाय, उठायचं नि चालायचं.

चौऱ्याण्णव साली ती सत्तरीच्या अलीकडं होती. पाटी सुटली होती, बांध सुटला नव्हता. ओहोटी लागली की कमरेला टोपली बांधून निघायची आणि खाडीच्या चिखलातून निवट्या, चिंबोऱ्या काढून आणायची. धनेश रोह्याला एका कंपनीत लागलेला. तिथंच जवळ वरसेला दुसऱ्या मजल्यावर त्यानं ब्लॉक घेतला होता. चार वर्षं तो आईला बोलवत होता आणि ती चार वर्षं त्याला हसण्यावारी नेत होती. आपल्या घरात, आपल्या पायावर मरायचं, एवढं एकच तिनं ठरवून ठेवलं होतं. बाकी कशाचा तिला हट्ट नव्हता.

त्या डिसेंबरात मुंबईच्या कुठल्याशा मेडिकल कॉलेजची पोरं गावात आली. शाळेत मुक्काम, दहा दिवस शिबिर. साठीच्या पुढचे सगळे म्हातारे त्यांनी वहीत उतरवून घेतले. आमच्या आळीत प्रतीक्षा नावाची मुलगी आली. चांगली होती बिचारी, पण चाळीस फॉर्म भरायचे होते तिला, आणि जेवायची वेळ टळून गेलेली. ओटीवर बसून तिनं समजावलं की आजीला दहा कामं विचारणार, प्रत्येक काम न पडता करता येईल याची किती खात्री वाटते ते एक ते दहा आकड्यात सांगायचं. पुढं ती आणखी काहीतरी म्हणाली. ते मी ऐकलं नाही. मी त्या वेळी तिच्या बुटांवरून काकीच्या कानात काहीतरी पचकत होते आणि काकी पदर तोंडाला लावून हसत होती.

मग सुरू झालं. आंघोळ करताना? काकीनं विचारलं, तळ्यावर का घरी? मुलगी म्हणाली, घरी. काकीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "काकी, दहातले दहा घे. सोडतेस कनाला?" जन्मात शाळेची पायरी न चढलेली ती बाई ताठ बसली आणि म्हणाली, "धा."

कपाटातून वस्तू काढताना? कपाटच नव्हतं घरात. मी म्हटलं, फळी धर. धा. दार वाजलं तर उघडायला जाताना? आमच्याकडं दार लागतं ते फक्त कुत्र्यांसाठी. धा. बिछान्यातून उठताना, चूल पेटवताना, घरात फिरताना, धा, धा, धा. मुलीनं मध्येच पेन थांबवून विचारलं, "आजी, नक्की ना?" आम्हाला वाटलं, पोर चाट पडली. काकीनं तिला चहा पाजला आणि जाताना दोन जिवंत चिंबोऱ्या, वळवळत्या नांग्यांसकट, देऊ केल्या. मुलगी घाबरून मागं सरली, तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

शिबिर संपताना घरोघर चिठ्ठ्या वाटल्या. चिठ्ठी इंग्रजीत. मला आकडे तेवढे कळले, शंभरपैकी शंभर, आणि खाली लाल शाईची रेघ. मी आळीभर बोंब ठोकली की ठमाकाकी बोर्डात आली. काकीनं भाताची शितं लावून तो कागद देवाच्या शेजारी भिंतीवर चिकटवला.

पुढच्या रविवारी धनेश आला. त्यानं तो दोनदा वाचला. हा धनेश म्हणजे कंपनीत सेफ्टीच्या खात्यात. त्यांच्या गेटवर म्हणे एक फळा आहे, अपघात न होता किती दिवस गेले ते त्यावर रोज लिहितात, आणि तो आकडा बदलायचं काम याचं. असा माणूस. आईला पडायची भयंकर भीती वाटते, डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि ही आपल्याला बोलली नाही, असं त्यानं मला ऐकवलं. काकी म्हणाली, मना कसली भीती रं? तो म्हणाला, लपवू नको आता. मी मध्ये पडून चेष्टाच केली की बाबा, तुझी आई पास झालीय. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच कुणीतरी वाया गेलेली. खरं तर तशी मी होतेच.

डॉक्टरांच्या कागदापुढं काकीचं काही चाललं नाही. आठ दिवसांत घराला कुलूप लागलं.

वरसेला पहिल्यांदा गेले तेव्हा काकी हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती. म्हणाली, "काशे, मी गणपती झालंय गो. बसवलाय, विसर्जनाचा नाव नाय." हसलो. तिची सून नमिता वाईट बाई नव्हे. नवऱ्यानं सांगितलं तसं करायची. आंघोळीला धरून न्यायची, धरून आणायची. चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, जाऊ द्यायची नाही. गॅलरीचं दार बंद. खाली गुळगुळीत फरशी, तीही दिवसातून दोनदा पुसलेली. काकी खुर्चीतून नुसती पुढं वाकली तरी चार वर्षांची नात ओरडायची, "आजी पडशील." घरात तो शब्द दिवसाला शंभरदा निघत असेल.

दुसऱ्यांदा गेले ते गणपतीच्या सुमारास. काकी भिंतीला हात लावून चालत होती. मी नेहमीसारखं मागून भॉक केलं. ती दचकली. खरीच दचकली, आणि खाली बसली. वीस वर्षांत पहिल्यांदा जमलं होतं मला. मी हसायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

पुढच्या डिसेंबरात तीच प्रतीक्षा परत गावात आली. दुसरी फेरी होती त्यांची, वर्षभरात भीती किती वाढली, किती उतरली ते बघायचं होतं. तिनं ठमाकाकी विचारली. मी सांगितलं, तुमच्या शंभर मार्कांची बाई ना, ती मुलाकडं असते. मुलगी म्हणाली, "मार्क?"

मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. एक म्हणजे पूर्ण खात्री. दहा म्हणजे अजिबात खात्री नाही. ज्याला शंभर, तो भीतीनं अर्धमेला. तिनं ते पहिल्याच दिवशी ओटीवर बसून सांगितलं होतं म्हणे. मी विचारलं, मग समोर चिंबोऱ्या धरणारी बाई बसलेली तुला दिसली नाही का गो? तिला विचारायचा हक्क मला तरी कुठं होता.

दोघी पॅसेंजर पकडून रोह्याला गेलो. धनेश पहिली शिफ्ट करून आलेला होता. मुलीनं त्याला सगळं सरळ सांगितलं, चूक आपली म्हणून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आता परत विचारा."

ती काकीसमोर जमिनीवर बसली. बोटांवर दाखवून समजावलं, एक काय आणि दहा काय. काकीकडून म्हणून घेतलं. काकीला नीट कळलं होतं, कारण कळल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बघितलं नुसतं.

"आजी, आंघोळ करताना?"

"धा."

"कपाटातून काही काढताना?"

"धा."

माझ्यानं राहवलं नाही. मी तिचा हात धरला. म्हटलं, "काकी, एक बोल ना. एक बोललीस की घरी जायचं."

"खोटं कनाला बोलू गो?" ती म्हणाली. "तवा पण खरंच बोललं होतं. आता पण खरंच बोलतंय."

दहाच्या दहा प्रश्न तसेच गेले. मुलीनं बेरीज केली. मागच्या वर्षीचा कागद तिच्या सरांच्या हिशेबात लागून गेला होता, तो आता खोडता येत नव्हता. म्हणून शेजारच्या चौकटीत तिला लिहावं लागलं की वर्षभरात फरक नाही. लिहिताना तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं. धनेशनं मात्र कागद घेऊन वाचला आणि मला म्हणाला, "बघा वैनी. कागद काय चुकीचा नव्हता."

दोन वर्षांचे दोन कागद त्याच्या बाजूनं, आणि माझ्या बाजूनं कोण, तर बांधावरचा चिखल.

तरी मी काकीला उभं केलं. म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता. धनेश आडवा आला नाही. उलट त्यानं स्वतः जिन्याचं दार उघडून दिलं. काकीनं माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली होती. जिन्याच्या तोंडाशी येऊन तिनं खाली बघितलं. पाय पुढं काढला, पायरीला लावला, परत घेतला. दोनदा केलं. मग तिथंच पहिल्या पायरीवर बसली आणि भिंतीला टेकली.

"नको गो, काशे," ती म्हणाली. "खाली फरशी हाय."

मी तिच्याशेजारी बसले. थोड्या वेळानं नमिता आली, तिनं काकीच्या काखेत हात घालून उचललं आणि धरून आत नेलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पाठोपाठ नातीचा. प्रतीक्षा कागद पिशवीत घालून आधीच खाली उतरली होती. मला खाली यायला वेळ लागला.