अडीच वॅटचा सूड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. गंगेवर स्नानाला गेलो तरी देवापुढे दुसरीच पापं काढायचो — छोटी छोटी, सांगायला सोपी. हे एक मात्र गिळून बसलो. आज तुमच्यापाशी बोलतो, पण मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. नाशकात मेनरोडच्या आतल्या बोळात माझं दुकान होतं. रेडिओ, ग्रामोफोन, विजेवर चालणारे अ‍ॅम्प्लिफायर — जोडायचो, दुरुस्त करायचो. पण त्याच्या आधी चार वर्षं मी पंचवटीत सदूबुवांकडे गाणं शिकलो होतो. शिकलो म्हणजे — बसलो होतो.

एका गुरुपौर्णिमेला भरल्या बैठकीत मी बंदिश म्हटली. बुवांनी अर्ध्यावरच हात वर केला. "दामू, तुझा कान म्हणजे सागाची फळी आहे रे. सुताराकडे जा, तिथे तरी उपयोग होईल." सगळे हसले. माझा सख्खा मावसभाऊसुद्धा हसला. त्या दिवसापासून पंचवटीत माझं नाव फळी पडलं. मखमलाबादची भाजीवाली हाक मारायची, "ओ फळी, मेथी लय ताजी हाय, घ्या की!" राग येणार नाही? मला आला. आणि तो मी जाऊ दिला नाही, दूधभात घालून पोसला.

पाच वर्षांनी बुवांच्या शिष्यांनी मिळून त्यांना विजेवरचा ग्रामोफोन भेट द्यायचं ठरवलं. बुवांची साठी उलटलेली, मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायची हौस. काम आलं माझ्याकडे! देव कधीकधी असा आयता घास तोंडात घालतो.

इथे थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. त्या ग्रामोफोनचा अ‍ॅम्प्लिफायर होता दोन व्हॉल्व्हचा, म्हणजे दोन काचेच्या नळ्यांचा, जेमतेम अडीच वॅट ताकदीचा. एवढ्याशा ताकदीला हलक्या कागदाचा आणि जोरदार चुंबकाचा स्पीकर लागतो. मग तो घर भरून बोलतो. जाड, कडक कागदाचा स्पीकर लावला तर मरतुकड्या बैलाला दगडाची गाडी जुंपल्यासारखं होतं. आवाज येतो, पण दबलेला. मुरकीचं टोक, मींडेचा शेवट, गवयाचा श्वास — सगळं कागदातच जिरतं. कुठल्या यंत्राला कुठला स्पीकर, यात माझा हात धरणारा गावात कुणी नव्हता. तेव्हा चूक झाली, असं म्हणायची मला सोय नाही.

हलका स्पीकर मी मागवलाही होता. तो काढून माळ्यावर टाकला आणि जाड कागदाचा बसवायला घेतला. ग्रामोफोनची लाकडी पेटी बनवणारे भद्रकालीतले युसुफभाई स्पीकरचं भोक मोठं करताना म्हणाले, "दामूशेठ, पहिलावाला क्या बुरा था? याचा आवाज दबून येतो ना." मी म्हटलं, "तुम्ही लाकडाचं बघा." त्यांनी पुन्हा करवत उचलली.

भेट दिली त्या दिवशी तबकडी लागली. बुवांनी मान तिरकी केली, पेटीजवळ सरकले. "लांबून येतंय रे. तार षड्जाचं टोक कुठे गेलं?" खोलीत पंधरा शिष्य. भेट त्यांची, आणि समोर गुरू. दिलेली वस्तू वाईट, असं कोण म्हणेल? "छे छे बुवा, अगदी स्वच्छ येतंय," शिष्यांतले थोरले वकीलसाहेब म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. बुवा माझ्याकडे वळले. "दामू, तू सांग."

मी सांगितलं. "यंत्र ठणठणीत आहे, बुवा. वय झालं की कान जातात."

किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्यांचा चेहरा उतरताना मी डोळे भरून पाहिला.

पुढे व्हॉल्व्ह तपासायच्या निमित्ताने मी दर पंधरवड्याला जायचो. खरं म्हणजे बघायला जायचो. बुवा तंबोरा लावायचे, मोडायचे, पुन्हा लावायचे. शिष्यांना विचारायचे. चुकलेल्याला टोकणं त्यांनी सोडलं — न जाणो, आपलाच कान चुकत असला तर? आणि एके दुपारी ते मला म्हणाले, "दामू, तुझा रोजचा संबंध आवाजाशी. तंबोऱ्याच्या या जोडीच्या तारा सुरात लागल्यात का, ऐक बघू."

मी ऐकलं. मला काही कळलं नाही. अगदी काही नाही. बुवा माझ्याबद्दल खरं तेच बोलले होते — हे मला तेव्हा, तिथे बसल्या बसल्या कळलं. मग मी काय केलं? "लागल्यात," म्हणालो.

शेजारी बसलेल्या एका शिष्येने चपापून माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बुवांनी सा लावला. थांबले. कपाळाला आठी पडली. पुन्हा लावला, आणि मग स्वतःचा सूर सोडून, माझ्या शब्दावर, हळूहळू त्या तंबोऱ्यामागे गेले.

दिवाळीनंतर त्यांनी शिकवणं बंद केलं. चाळीस वर्षांची शिकवणी. ज्याला ऐकू येत नाही त्याने शिकवू नये, एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. हलका स्पीकर तेवढी वर्षं माझ्या माळ्यावरच होता. चार स्क्रू, दोन तारा — अर्ध्या तासाचं काम. विसरलो होतो म्हणता? दिसायचा की रोज. करायचं नव्हतं.

शिकवणी बंद झाल्याची बातमी वकीलसाहेबांनी दुकानात येऊन सांगितली. त्यांचे डोळे भरले होते. मी वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. संध्याकाळी घरी जाताना श्रीखंड नेलं. बायको म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, सहज." आम्ही सगळ्यांनी पोटभर खाल्लं. मी दोनदा मागून घेतलं.