स्मृतिथाळी

‘स्मृतिथाळी’ हा शब्द माझा. धंतोलीतल्या दवाखान्यांबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना आमची संस्था दुपारचं जेवण देते. तिथे निधी जमवणं आणि आवाहनं लिहिणं, ही दोन्ही कामं माझ्याकडे आहेत. घरातलं माणूस गेलं की तेरवीचा खर्च आम्हाला द्या, त्या दिवशी त्यांच्या नावाने जेवण वाढू, असं एक आवाहन मी केलं होतं. पत्रकात ‘तेरवी’ नको वाटली, म्हणून हा शब्द घडवला. देणाऱ्यांना तो आवडला. वर्षाच्या जमेत सगळ्यात मोठा आकडा त्याच सदरातून येऊ लागला.

यंदा माझा मोठा भाऊ गेला. पोट भरलेल्यांनाच हॉलमध्ये पुन्हा जेवू घालायचं नाही, असं वहिनीने सांगितलं. मग त्याच्या तेरवीचं जेवण धंतोलीतच द्यायचं ठरलं. फ्लेक्सवरचा फोटो मी निवडला, वर शब्दही माझाच.

एरवी मी वाटपाला जात नाही. किती ताटं गेली, किती उरली, ते संध्याकाळी विचारतो. त्या दिवशी गेलो, कारण भावाच्या नावाचं एकही ताट उरू नये असं मनात होतं.

रांगेत उमरेडकडची एक बाई होती, माझ्याच वयाची. नवरा वर आयसीयूत होता. ती रोज येत असल्यामुळे वाढणाऱ्या काकू तिला ओळखत होत्या. ताटात वरण-भात, भाजी, पोळी आणि बुंदी. रोज गोड नसतं, म्हणून तिने आज काय आहे असं विचारलं. कोणीतरी फ्लेक्सकडे बोट केलं. तिने ते सावकाश वाचलं आणि ताट टेबलावर परत ठेवलं.

“काहून ठेवलं वं?” काकू म्हणाल्या. “पोटाले काय समजते, कोनाचं हाय ते?”

“पोटाले नाही समजत. मले समजते.”

मी पुढे झालो. ही केवळ आठवण म्हणून दिलेली थाळी आहे, असं समजावू लागलो. तिने ऐकून घेतलं.

“म्हंजे तेरवीच ना, भाऊ?”

मी फ्लेक्स उतरवला आणि फोटो आत येईल असा गुंडाळला. आता काढून काय होणार, मी तर पाहिलं, असं ती म्हणाली. आदल्या संध्याकाळपासून तिच्या पोटात फक्त चहा होता. पण आपलं माणूस आत श्वास घेतंय, तोवर गेलेल्याच्या नावाचं कसं जेवायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं. भाऊ दवाखान्यात असताना मनीषनगरात आमच्या शेजारी तेरवी होती. आमच्या घरातलं कोणीही जेवायला गेलं नव्हतं.

समोरच्या ठेल्यावरून मी पोहे आणले. ती घेईना. फ्लेक्सवरचा माणूस कोण, हे तिने काकूंकडून काढून घेतलं होतं.

“तुमी जेवले का?”

नाही म्हणालो.

“मंग तुमच्या भावाचं ताट तुमी खा. मी हे खातो.”

दवाखान्याच्या पायरीवर आम्ही बसलो. तिने परत ठेवलेलं ताट मी घेतलं. भात गार झाला होता. त्या तेरा दिवसांत मी मंडप, सामान, येणारे-जाणारे सगळं सांभाळलं होतं. भावाबद्दल मला कोणी काही विचारलं नव्हतं. तिने विचारलं. काय झालं होतं, पोरं केवढी आहेत, कोणत्या दवाखान्यात होते. मी सांगत गेलो. पोहे तिच्या हातात तसेच होते.

“डॉक्टर काय म्हनत होते?”

“काहीच नाही,” मी म्हणालो. “स्पष्ट सांगत नव्हते.”

तिचा चेहरा जरा सैल झाला. “आमाले तं सकाळीच सांगतलं. औषधाले साथ देऊन राहिले म्हने.”

मग तिने पहिला घास घेतला.

आम्हालाही शेवटच्या सकाळी हेच सांगितलं होतं, याच शब्दांत. चांगलं आहे, असं मी म्हणालो आणि तिचे पोहे संपेपर्यंत तिथून उठलो नाही.