नसलेल्या झेंड्याचे मेश्रामसर

मेश्रामसर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते लिफ्टमध्ये, आणि तेही नमस्कार-चमत्कार न करता. माझ्या हातातल्या कागदी झेंड्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "पाच तारे कशाचे, ताई?"

ऑगस्टमधले, सिंगापूरच्या राष्ट्रीय दिनाचे दिवस होते. पासिर रिसच्या आमच्या ब्लॉकवर मजल्यामजल्याला सिंगापूरचे झेंडे लागले होते, आणि बारा वर्षं या देशात काढूनही मला ते ठाऊक नव्हतं. "लोकशाही, शांतता, प्रगती, न्याय, समता," सरांनीच उत्तर दिलं. "यादीत समता शेवटी येते. पण तारे गोलात मांडलेत. गोलात शेवटचा कोणता, सांगा बरं?" माझा सातवा मजला आला. त्यांनी दार अडवून धरलं आणि चंद्रकोर वाढत्या देशाची, लाल बंधुभावाचा, पांढरा शुद्धतेचा, एवढं सगळं संपवूनच मला सोडलं. तोवर लिफ्ट किंचाळत होती.

सर नागपूरचे. बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत कापडावरचा रंग उन्हात किती टिकतो ते तपासायचे. घरी बुद्धमूर्तीशेजारी पंचरंगी बौद्ध झेंडा असे. पाहुण्यांना आधी त्यातल्या प्रत्येक रंगाचा अर्थ मिळे, मग चहा. मेश्राममॅडम स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, दूध नासेल, पिवळ्यावरून पुढे सरका!" झेंड्याबाबत मात्र सर तसूभर हलत नसत. म्हणायचे, "झेंडा म्हणजे कापडावरची सही. दुसऱ्याची सही आपण ठोकायची नाही, बाप्पा."

आणि अशा माणसावर तो प्रसंग आला.

आमच्या भागातल्या कम्युनिटी क्लबने भारतीय राज्यांची मिरवणूक ठरवली. प्रत्येक गटाने आपापला राज्यध्वज आणायचा. आमची पोरं दोन महिने लेझीम घोटवत होती. अर्ज भरायचं काम सरांकडे होतं. 'राज्यध्वज' या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : नाही.

क्लबच्या मिस लिम यांनी शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडून अर्ज परत केला. "नो फ्लॅग, नो मार्च, लाह."

"मॅडम, महाराष्ट्राला अधिकृत झेंडाच नाही," सर म्हणाले.

"एव्हरीबडी ऑल्सो गॉट फ्लॅग. यू गो होम अँड चेक."

सरांनी घरी येऊन खरंच तपासलं. झेंडा नव्हताच.

मग माझ्या घरी आम्हा मराठी मंडळींची बैठक बसली. आपणच एक झेंडा करू, असं ठरलं. एकाने एक रंग सुचवला, दुसऱ्याला त्यात एक पक्ष दिसला. दुसरा रंग काढला, त्यात तिसऱ्याला दुसरा पक्ष दिसला. दोन तासांत सगळे रंग संपले. किल्ला घ्यावा तर कुठला, यावर दोन इंजिनिअर एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी कुठल्याच पक्षात नसलेला एकच उमेदवार उरला, आपला राज्यप्राणी शेकरू. पांढऱ्या कापडावर शेकरू.

"जे नाही ते नाही, ताई," सर कोपऱ्यातून म्हणाले.

मी म्हटलं, "सर, सिंगापूरचा झेंडाही माणसांनीच बसून ठरवला ना? तुम्हीच सांगता, आधी नुसता लाल करणार होते म्हणून."

सरांनी मान डोलावली. "बरोबर आहे. पण त्यांच्यामागे देश होता. आपल्यामागे फक्त लेझीम आहे."

त्याच लेझमीपायी ते नमले. माझी मुलगी इरा त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "सर अंकल, प्लीज लाह, वी प्रॅक्टिस सो हार्ड." सरांनी चष्मा पुसला. "उंच मीच आहे, मीच धरतो. पण कोणी विचारलं तर खरं सांगणार."

झेंड्यावरचं शेकरू इराने रंगवलं होतं. ते मांजर आणि कांगारू यांच्या मधलं काहीतरी दिसत होतं. मिरवणुकीत सर ते घेऊन ताठ चालले, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला थांबून सांगत गेले, "धिस इज नॉट अवर फ्लॅग. बट द स्क्विरल इज रिअल." त्यामुळे मागची लेझीम सारखी खोळंबत होती.

आणि सर्वोत्कृष्ट पारंपरिक ध्वजाचं बक्षीस आम्हालाच मिळालं.

सर मंचावर गेले. माइक हातात घेऊन म्हणाले, "हा झेंडा अकरा दिवसांचा आहे. महाराष्ट्राचा त्याच्याशी काहीही संबंध नाही." इंग्रजीतच म्हणाले, सगळ्यांना नीट कळेल असं. टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदिका गहिवरून म्हणाली, "सो हम्बल!"

झेंडा क्लबच्या काचेच्या कपाटात गेला. खाली पाटी : महाराष्ट्राचा राज्यध्वज. आम्ही हसलो आणि विसरलो. सर मात्र दर शनिवारी क्लबात जाऊन तो काढा म्हणून विनवायचे. मिस लिमना एव्हाना त्यांची दया यायला लागली होती. त्या त्यांना बार्लीचं सरबत द्यायच्या आणि सांगायच्या, "अंकल, यू गेट लेटर फ्रॉम युअर गव्हर्न्मेंट. से नॉट देअर फ्लॅग. देन आय रिमूव्ह."

सरांनी मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. सोबत शेकरूचा फोटो जोडला. सात महिन्यांनी उत्तर आलं. ते त्यांनी मला जिन्यात उभं राहून वाचून दाखवलं : 'आपण सादर केलेला राज्यध्वजाचा प्रस्ताव प्राप्त झाला असून तो विचाराधीन आहे. तरी रंगीत प्रती तीन पाठवाव्यात.'

मला हसू फुटलं. मग सरांचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाची खोटी सही केली नाही, त्याच्या नावावर आता अख्ख्या राज्याचा झेंडा लागत होता. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं मॅडमनी सांगितलं.

त्या वर्षअखेरीस सर निवृत्त झाले आणि दोघं नागपूरला परतायला निघाली. विमान मात्र सरांनी मुंबईचं घेतलं. "प्रस्ताव मागे घेऊन मगच घरी जातो," ते चांगी विमानतळावर म्हणाले. मॅडमनी कपाळाला हात लावला.

आठवड्याने फोन आला.

"ताई, पाच टेबलं फिरलो. सहाव्यावर एक म्हातारा कारकून होता. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने फाइल उघडली, शेकरू पाहिलं, फाइल मिटली. म्हणाला, मेश्रामसाहेब, जे नाहीच ते मागे कसं घेणार?"

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, अहो, हेच तर मी दोन वर्षं सांगतोय! तो म्हणाला, बरोबर सांगताय. असं म्हणाला, ताई. बरोबर सांगताय." पलीकडे सरांनी नाक शिंकरलं. "मला तिथेच रडू आलं हो. त्याने चहा मागवला. तासभर बसलो आम्ही."

"नाव काय त्यांचं?"

"अरे बाप्पा," सर म्हणाले, "ते विचारायचंच राहिलं."